मुलांच्या सरावात आपली मॅरेथॉन नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर मॅरेथॉनला आता हक्काची जागा मिळते, पण शाळकरी मुलांच्या क्रॉस-कंट्रीबद्दल, म्हणजे गवत-मातीवरच्या लांब शर्यतींबद्दल, फारसे वाचायला मिळत नाही. अमेरिकेत राहणारी आणि स्वतः मॅरेथॉन पळणारी काही मराठी मंडळी मुलांच्या हायस्कूलमध्ये क्रॉस-कंट्रीचे सहायक प्रशिक्षक म्हणून उभी राहू लागली आहेत. काही जण अजून त्या विचारात आहेत. हे पत्र त्यांच्यासाठी. पळणारा माणूस मुलांना शिकवायला उत्तम, कारण चौथ्या किलोमीटरला पायांचे काय होते हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. पण मुलांच्या वेळात तो स्वतःचा सराव उरकू लागला की दोन्ही सराव बिघडतात, आणि आधी मुलांचा बिघडतो.

का, ते कळायला या खेळाचा हिशेब पाहावा लागतो. शर्यत बहुतेक राज्यांत ५ किलोमीटरची. गवत, माती, चढ-उतार, पाऊस झाला असेल तर चिखल. एका संघाचे ७ जण उतरतात आणि त्यांतल्या पहिल्या ५ जणांचे क्रमांक जोडले जातात. बेरीज ज्याची कमी, तो संघ जिंकतो. पहिले पाचही क्रमांक एकाच संघाचे आले तर बेरीज १५, याहून चांगली बेरीज होऊच शकत नाही. सहावा आणि सातवा गुणांत धरत नाहीत, पण ते दुसऱ्या संघाच्या पाचव्याच्या आधी आले तर त्याचा क्रमांक एकेक घर मागे ढकलतात. दोन संघांची बेरीज सारखी झाली तर सहाव्याचा क्रमांक बघतात.

आता एका संघाचे क्रमांक १, ३, १२, ३१, ५८ आले असे समजा. बेरीज १०५. दुसऱ्याचे ९, १४, १८, २२, २७. बेरीज ९०. शर्यत पहिल्या संघाच्या मुलाने जिंकली, चषक दुसऱ्या संघाने नेला. पुढच्या दोघांनी २० सेकंद कमी केले तर संघाचा एखादा गुण वाचतो. मधल्या गर्दीत मात्र तेवढ्याच २० सेकंदांत पंधरा-वीस मुले मागे पडू शकतात. म्हणजे संघाचे नशीब चौथ्या ते नवव्या मुलाच्या हातात असते, आणि हीच मुले प्रशिक्षकाच्या नजरेतून सुटतात. स्वतः वेगाने पळणाऱ्या प्रशिक्षकाच्या तर हमखास, कारण त्याला बरोबर पळायला सोबती मिळतो तो संघातला पहिला किंवा दुसरा मुलगा. ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी’ ही म्हण या खेळात अक्षरशः लागू पडते.

हलक्या धावेच्या दिवशी ही गफलत सर्वांत जास्त होते. ५ किलोमीटर १७:३० मिनिटांत पळणारा मुलगा घ्या. त्याचा शर्यतीचा वेग किलोमीटरला ३:३०. हलकी धाव त्याहून सव्वा ते पावणेदोन मिनिटांनी सावकाश हवी, म्हणजे ४:४५ ते ५:१५ च्या आसपास. आता ३ तास १५ मिनिटांत मॅरेथॉन पुरी करायची असे ठरवलेला प्रशिक्षक घ्या. त्याचा मॅरेथॉनचा वेग किलोमीटरला ४:३७. म्हणजे मुलांचा आरामाचा वेग आणि प्रशिक्षकाचा कष्टाचा वेग जवळपास एकच! ‘मुलांबरोबर पळतो, माझा मॅरेथॉन पेसचाही सराव होतो’ हा विचार इथूनच सुचतो. पुढे काय होते ते ठरलेले आहे. प्रशिक्षकाला धाप लागलेली मुलांना ऐकू येते, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला धापा टाकणारा मोठा माणूस शेजारी दिसला की त्याला मागे टाकायचा मोह आवरत नाही. ४:५० चे ४:३० होतात, ४:३० चे ४:१५. मंगळवारचे इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत मारलेल्या वेगवान खेपा) अंगातून उतरायचे असतात तो बुधवार वाया जातो आणि गुरुवारी पाय जड का, हे कोणालाच कळत नाही. मागच्या गटातल्या मुली आणि नवी मुले तोवर एक किलोमीटर मागे, रस्त्याच्या कडेने, कोणाच्याही देखरेखीशिवाय.

म्हणून प्रशिक्षकाने मुलांबरोबर पळायचेच असेल तर सर्वांत मागच्या जोडीबरोबर. फोन, दम्याच्या मुलांचे इनहेलर, ॲलर्जी असलेल्यांचे इंजेक्शन, मुलांची नावे आणि पालकांचे नंबर लिहिलेला कागद, हे सगळे कमरेच्या पट्ट्यात. निघताना मोजणी, वळणाच्या ठिकाणी मोजणी, परत आल्यावर मोजणी. मनगटावरचे जीपीएस घड्याळ बंद ठेवले तर फारच बरे. आणि चालू असले तरी मुलांची नावे किंवा रोजचा मार्ग दिसेल अशी नोंद कुठल्याही ॲपवर उघडपणे टाकायची नाही. ही धाव स्वतःच्या आठवड्याच्या किलोमीटरमध्ये धरायचा मोहही टाळावा. चाळीस मिनिटांच्या धावेला थांबणे, बूट बांधणे, पाणी, मोजणी धरून तास-सव्वा तास जातो. तिला चालण्याइतकेच मोल द्यावे, म्हणजे हिशेबात फसगत होत नाही.

मग स्वतःचा सराव कधी करायचा? सराव साधारण शाळा सुटल्यावर दोन तास असतो, शर्यती बहुतेक शनिवारी. मुलांच्या आठवड्याचा एक सांगाडा असा: सोमवारी हलकी धाव आणि शेवटी २० सेकंदांच्या ६ स्ट्राइड (छोट्या वेगवान, मोकळ्या धावा), मंगळवारी जोराचा सराव, बुधवारी हलकी धाव, गुरुवारी मध्यम धाव आणि पाच-सहा छोटे चढ, शुक्रवारी २५ मिनिटे, शनिवारी शर्यत, रविवारी सुट्टी. शनिवारी शर्यत असेल त्या आठवड्यात जोराचा सराव मंगळवारचा एकच. दुसरा जोराचा सराव घालायचा हट्ट बहुधा मॅरेथॉनवाल्यांचाच असतो.

प्रशिक्षकाने आपला जोराचा सराव मुलांच्या जोराच्या दिवशीच, म्हणजे मंगळवारी पहाटे करावा. वरकरणी हे उलटे वाटते. पण त्या दिवशी दुपारी त्याला पळायचे नसते. उभे राहून बघायचे, वेळ घ्यायची आणि लिहायचे असते. सोमवार-बुधवार-शुक्रवार मुलांचे हलके, त्याचेही हलके. गुरुवारी पहाटे ७५ ते ९० मिनिटे, त्यातली शेवटची २५ ते ३० हवी तर मॅरेथॉनच्या वेगाने. शनिवारी काही नाही. रविवारी लांब धाव, पण दोन ते अडीच तासांच्या आत. शनिवारी सहा-सात तास उन्हात उभे राहून, धड पाणी न पिता, घसा बसेपर्यंत ओरडून झालेले असते. त्यावर ३५ किलोमीटर टाकले की सोमवारी पोटरी किंवा टाचेची शीर बोलू लागते.

प्रशिक्षकांच्या दुखापती पळताना कमी आणि दाखवताना जास्त होतात, हेही लिहून ठेवण्यासारखे आहे. पहाटे इंटरव्हल केलेले, दिवसभर खुर्चीत बसलेले, अंग गार. आणि दुपारी चार वाजता ‘असा पाय उचला’ म्हणून टेकडीवर उड्या मारून दाखवायच्या किंवा मुलांबरोबर एक जोराची स्ट्राइड मारायची. पोटरीचा किंवा मांडीच्या मागचा स्नायू तिथेच ओढला जातो. करून दाखवायचे असेल तर आधी दहा मिनिटे जॉग करावे, नाहीतर ज्याला ती ड्रिल (पळण्याची ढब सुधारण्याचा व्यायाम) चांगली येते अशा मुलालाच पुढे बोलवावे. मुलांना मुलांचे बघून लवकर जमते.

हंगामाचे गणित आठवड्याच्या गणिताहून अवघड आहे. क्रॉस-कंट्रीचा हंगाम ऑगस्ट ते नोव्हेंबर. शिकागो मॅरेथॉन ऑक्टोबरात, न्यूयॉर्क नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. नेमक्या त्याच आठवड्यांत विभागीय आणि राज्य पातळीवरच्या शर्यती. बोस्टन एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी, पण तोवर ट्रॅकचा हंगाम भरात आलेला असतो आणि दीर्घ पल्ल्याची मुले बहुधा त्याच प्रशिक्षकाकडे असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ काय तो मोकळा. जानेवारी-फेब्रुवारीत होणारी मॅरेथॉन (ह्यूस्टनची जानेवारीत असते) धरली तर सर्वांत लांब धावा डिसेंबरात येतात, तेव्हा मुले विश्रांतीवर असतात. न्यूयॉर्कच पळायची असेल तर त्या वर्षी संघाची मुख्य जबाबदारी घेऊ नये. दोन डगरींवर हात ठेवून दोन्ही साधल्याची उदाहरणे असतीलही, पण त्यांच्या संघातल्या नवव्या मुलाला विचारून बघावे.

हंगामात मॅरेथॉन बाजूला ठेवून ५ किंवा १० किलोमीटरचे उद्दिष्ट धरणे हा आम्हाला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो, आणि त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. रॉबर्ट हिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात एक प्रयोगमालिका केली. दहा आठवडे कसून सराव केलेल्या लोकांनी आठवड्याचे सहा दिवस चारवर किंवा दोनवर आणले, तरी पुढचे १५ आठवडे त्यांची व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, टिकून राहिली. अट एकच: सरावाची तीव्रता कमी करायची नाही. तीव्रता कमी केली की क्षमता घसरली. सत्रांची लांबी फार कापली तेव्हा व्हीओटू मॅक्स टिकली, पण दीर्घकाळ तग धरण्याची ताकद उतरली. याचा सरळ अर्थ असा की मंगळवारचा एक जोराचा सराव नेटाने चालू ठेवला तर प्रशिक्षकाची ५ किलोमीटरची वेळ हंगामभर फारशी हलत नाही. मॅरेथॉनची ताकद मात्र उतरते, आणि ती डिसेंबरात परत बांधावी लागते. किलोमीटर नेहमीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर आले म्हणून हळहळत बसायचे कारण नाही.

इथे कोणी आर्थर लीडियार्डचे उदाहरण देईल. न्यूझीलंडचा हा प्रशिक्षक स्वतः धावपटू होता. १९५३ आणि १९५५ साली त्याने देशाचे मॅरेथॉन विजेतेपद मिळवले, आणि ऑकलंडमधल्या त्याच्या आसपासच्या पोरांना त्याने घडवले. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅल्बर्गने ५००० मीटरचे सुवर्ण जिंकले. बॅरी मॅगीने मॅरेथॉनचे कांस्य आणले. पण लीडियार्डने आठवड्याला १६० किलोमीटरचे प्रयोग आधी कित्येक वर्षे स्वतःच्या पायांवर केले, काय टिकते आणि काय मोडते ते पाहिले, मग इतरांना दिले. शिवाय रोममध्ये स्नेल २१ वर्षांचा होता आणि हॅल्बर्ग २७ चा. चौदा वर्षांच्या नववीतल्या मुलाला स्वतःच्या मॅरेथॉनच्या तक्त्याची छोटी नक्कल देणे म्हणजे लीडियार्डचा वारसा चालवणे नव्हे.

ही नक्कल कशी ओळखावी? लांब धाव बघावी. मॅरेथॉनच्या तक्त्यात ती एकट्याने आठवड्याचा तिसरा हिस्सा खाते. शाळकरी मुलाला ती आठवड्याच्या २० ते २५ टक्के पुरते. आठवड्याला ५० किलोमीटर पळणाऱ्याला १० ते १२, वेळेत मोजली तर साधारण तासभर. नव्या मुलाला पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून तीन-चार दिवस, २० ते २५ मिनिटे पळणे-चालणे मिळून, एवढेच. वर्षअखेरीस ३० ते ४० किलोमीटर. चार वर्षे नेमाने पळालेल्या बारावीच्या मुलाला ६५ ते ८० झेपतात. दर चौथ्या आठवड्याला पाव हिस्सा कमी. दर आठवड्याला दहा टक्केच वाढवा, या प्रसिद्ध नियमाचे आम्हाला फारसे कौतुक नाही. १५ किलोमीटर पळणाऱ्याला तो उगाच जखडतो आणि ७० वाल्याला खोटा धीर देतो. मुले मोडतात ती बहुधा दोन आठवडे आजारी पडून परत आल्यावर, जुन्या आकड्यावरून सुरुवात केल्यामुळे.

जोराचा सराव अंतरावर नव्हे, वेळेवर आखावा. सगळ्यांना ५ वेळा १००० मीटर दिले तर १७:३० वाल्याचे १७ मिनिटे ३० सेकंद कष्ट होतात आणि २७:३० वाल्याचे २७ मिनिटे ३० सेकंद. ज्याची तयारी सर्वांत कमी त्याला सर्वांत जास्त काम! त्याऐवजी ५ वेळा ४ मिनिटे, मध्ये अडीच मिनिटे विश्रांती. प्रत्येकाचे २० मिनिटे. यासाठी एक साधी युक्ती फार उपयोगी पडते. सगळे एका रेषेवरून शिट्टीवर निघतात. चार मिनिटांनी शिट्टी, जो जिथे असेल तिथे थांबतो आणि छोटा कोन किंवा काठी ठेवतो. विश्रांती तिथल्या तिथेच, चालत. पुढची शिट्टी झाली की परत रेषेकडे. चार मिनिटांत रेषा गाठली तर वेग सारखा राहिला. रेषेच्या अलीकडे राहिला तर पहिली खेप उधळली. पुढच्या खेपांत आपापला कोन आणि रेषा, एवढेच लक्ष्य. कोणाला काही सांगावे लागत नाही, सगळ्यांत सावकाश मुलगीही दर दुसऱ्या खेपेला सगळ्यांच्या बरोबरीने परत येते, आणि प्रशिक्षक रेषेवर उभा राहून प्रत्येकाचा चेहरा बघू शकतो. मध्येच स्वतः दोन खेपा मारायला गेला की शिट्टी कोण मारणार?

वेग ठरवायचा तो नुकत्याच झालेल्या शर्यतीवरून; मनातल्या वेळेवरून नाही. इंटरव्हल आजच्या ५ किलोमीटरच्या वेगाने. टेम्पो, म्हणजे न थांबता केलेली सलग जोराची धाव, त्याहून किलोमीटरला साधारण १५ ते २० सेकंद सावकाश, १५ ते २० मिनिटे. चार-पाच शब्दांचे वाक्य बोलता आले पाहिजे, त्याहून लांब बोलता आले तर सावकाश चालले आहे. गवतावर ट्रॅकचा आकडा मागायचा नाही.

शरीराच्या बाबतीत मॅरेथॉनवाल्याच्या दोन सवयी मुलांसाठी घातक ठरतात. पहिली, वजनाबद्दल बोलणे. शर्यतीआधी दोन किलो उतरवतो, आज रात्री भात बंद, हे स्वतःपुरते बोललेलेही मुले टिपतात. पुरेसे न खाता पळत राहिल्याने हाडे, हार्मोन, प्रतिकारशक्ती सगळेच ढासळते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली याला रेड-एस असे नाव दिले, आणि तो मुलींप्रमाणे मुलांनाही होतो. पाळी तीन महिने चुकली किंवा हाडाला दुसऱ्यांदा चीर गेली तर डॉक्टरांकडे पाठवायचे, सराव थांबवून. दहावी-अकरावीत शरीर बदलते तेव्हा बऱ्याच मुलींच्या वेळा वर्षभर जागच्या जागी राहतात. त्या काळात वजन हा शब्दही तोंडात येऊ नये. वेळा विनाकारण घसरत असतील, जिना चढताना दम लागत असेल, तर डॉक्टरांकडून लोहाची, त्यातही फेरिटिनची (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची) तपासणी करून घ्यावी. लोहाच्या गोळ्या प्रशिक्षकाने सुचवायच्या नसतात.

दुसरी सवय, दुखण्यावरून पळणे. नडगीवर हातभर पसरलेला ठणका आणि बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी होणारी कळ, यांत फरक आहे. पहिला बहुधा विश्रांतीने आणि किलोमीटर कमी करून जातो. दुसरी, त्यातही रात्री दुखत असेल किंवा त्या पायावर लंगडी घालता येत नसेल तर, हाडाची चीर असू शकते. मग सहा ते आठ आठवडे तरी पळणे बंद. मुलग्यांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती चौदाच्या आसपास, नेमकी नववीत. त्या काळात गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखतो, वाढीच्या जागेवर स्नायू ओढला जातो म्हणून. ‘मलाही दुखते, मी पळतोच’ हे उत्तर इथे चालत नाही. प्रौढाच्या हाडात ती वाढीची जागा उरलेलीच नसते.

ऑगस्टातल्या उन्हाबद्दल मात्र कुठलीच तडजोड नको. अंगाला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. पहिला आठवडा निम्म्या कामाचा. पळता पळता मूल अडखळू लागले, भलतेच बोलू लागले, तर तो उष्माघात समजायचा. आधी थंड करायचे, मग दवाखान्यात न्यायचे, याच क्रमाने. बर्फाच्या पाण्याचा टब सराव सुरू व्हायच्या आधी भरून मैदानावर असला पाहिजे. मूल पडल्यावर नळ शोधत फिरण्यात गेलेली दहा मिनिटे परत मिळत नाहीत. रुग्णवाहिकेला फोन दुसऱ्याने लावायचा आणि मूल टबातच ठेवायचे, शरीराचे तापमान ३९ अंश सेल्सियसच्या खाली येईपर्यंत. ते मोजण्याचे काम शाळेच्या ॲथलेटिक ट्रेनरचे, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याचे. विजा चमकल्या तर मैदान रिकामे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे कोणीही बाहेर पडायचे नाही.

शर्यतीच्या दिवशी पळणाऱ्या प्रशिक्षकाचे पाय खरोखर उपयोगी पडतात, कारण मार्गावर एका ठिकाणाहून दुसरीकडे आडवाटेने धावत जाऊन तो मुलांना तीन-चारदा गाठू शकतो. पण एक नियम त्याने पाठ करावा: शर्यतीत नसलेल्या कोणीही धावकाशेजारी पळून वेग लावून द्यायचा नाही. ती बेकायदा मदत ठरते आणि बाद होतो तो मुलगा. उत्साहाच्या भरात दहा-वीस पावले बरोबर पळालेलीही पंचाच्या डोळ्यांत येतात. थांबून बोलावे, आणि बोलायचे ते वेळेबद्दल नव्हे. दुसऱ्या मैलाला ‘तेरा-दहा!’ ऐकून मुलाला करण्यासारखे काही नसते. ‘पुढच्या झाडाआधी हिरवा शर्ट गाठ, तिथे आपला चौथा आहे’ यावर तो काहीतरी करू शकतो. ५ किलोमीटरला २० मिनिटे घेणाऱ्याचा सरासरी मैल ६:२६ चा. पहिला मैल ५:५५ ला झाला असेल तर तिसऱ्यात तो चालल्यासारखा दिसणारच. ते सांगायची जागा म्हणजे आदल्या दिवशीचा सराव.

बाकी किरकोळ गोष्टी, पण याच विसरल्या जातात. दीड तास आधी पोहोचून मार्ग चालून बघणे. पाऊण तास आधी १२ ते १५ मिनिटे जॉग, ड्रिल, मग स्पाइक (तळाला खिळे असलेले बूट) चढवून ४ ते ६ स्ट्राइड. स्पाइकचे खिळे कोरड्या टणक जमिनीला ६ मिलिमीटर, ओल्या गवताला ९, चिखलाला १२. जादा खिळे आणि पाना पिशवीत असू द्यावा, कारण आदल्या शनिवारी चिखलात बसलेला खिळा गंजून अडकलेला असतो आणि हे शर्यतीच्या सकाळीच कळते. नाडीला दुहेरी गाठ. नंबरला चार पिना. सुरुवातीच्या १०० मीटरमध्ये धक्का लागून कोणी पडले तर शर्यत थांबवून पुन्हा सोडतात, तेव्हा दुसऱ्यांदा बंदूक ऐकू आली तर थांबायचे, हे नव्या मुलांना आधी सांगून ठेवावे.

जो नवा माणूस सहायक म्हणून येऊ पाहतो त्याने जून महिन्यातच मुख्य प्रशिक्षकाला स्वतःच्या शर्यतींच्या तारखा लेखी द्याव्यात, त्या शनिवार-रविवारी कोण हजर राहील आणि प्रथमोपचाराची पिशवी कोणाकडे असेल हे ठरवून घ्यावे. राज्याने लावून दिलेला प्रशिक्षकाचा कोर्स, पार्श्वभूमीची तपासणी, सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणे) आणि एईडीचे (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे) प्रशिक्षण जुलैअखेर पुरे करावे. ही प्रमाणपत्रे हातात नसतील तर पहिल्या सरावाला तो प्रेक्षक म्हणून बाकावर बसू शकतो, मुलांना घेऊन रस्त्यावर जाऊ शकत नाही.

कळावे.

आपले,
हायस्कूल क्रॉस-कंट्रीचे दोन प्रशिक्षक